वीस मायक्रॉन कुंकू

"तू नको ठेवू गं पाटावर. खाली ठेव. मी उचलतो."

तात्या एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. शिवी नाही. माझ्या हातात मायक्रोमीटरची पेटी होती. ती मी फरशीवर ठेवली. तात्यांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, पेटीचं झाकण उघडलं, आतल्या मायक्रोमीटरवर पाणी शिंपडलं, आणि मग तो उचलून पाटावर ठेवला.

खंडेनवमी होती. कुपवाडच्या एमआयडीसीतलं वीस-बावीस माणसांचं वर्कशॉप. मशिनी धुऊन पुसून झालेल्या, झेंडूच्या माळा चढलेल्या. पाटावर पांढरं कापड. ज्यानं त्यानं आपलं हत्यार आणून त्यावर ठेवायचं. बाळूनं पाने ठेवले, घासायचं चाक ठेवलं. टेम्पोच्या ड्रायव्हरनं चावी ठेवली. ऑफिसातल्या क्लार्कनं तर स्टेपलर आणून ठेवला. स्टेपलर! आणि म्हणाला, "ह्याच्याबिगर बिल जात न्हाई, देवा." सगळे हसले. मीही हसले होते. तोपर्यंत माझी पाळी आली नव्हती.

मोजणं हे माझं काम. मी मोजलं. पाटावर एकोणीस वस्तू आल्या. अठरा वस्तू आणणाऱ्यानं आपल्या हातानं ठेवल्या. एक फरशीवर ठेवायला लावली, आणि पाणी मारून उचलली. नंतर पूजेत सगळ्यांवर मिळून पाणी शिंपडलं ते वेगळं. ते मी धरत नाही. मी पहिलं धरते.

कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. तीच गोष्ट अजून खुपते. कुणी दचकलं असतं, कुणी मान खाली घातली असती, तरी मला वाटलं असतं की काहीतरी घडलं. काहीच घडलं नव्हतं. नारळ फुटला, प्रसाद वाटला. मला प्रसाद दिला, वरून. हाताला हात लागणार नाही असा, टाकल्यासारखा. मी खाल्ला.

मी वडूजजवळच्या एका गावातली. आम्ही बौद्ध. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. साताऱ्याला आयटीआय केलं, मशिनिस्ट ग्राइंडर हा ट्रेड घेऊन. वर्गात मुलगी मी एकटीच. सांगलीत नोकरी लागली तेव्हा गावात कुणाला कळेना की ही तिथं करते काय. मी सांगायचे, मोजते. "काय मोजतीस?" लोखंडाच्या पिना. "मंजी गिनतीस?" नाही, जाडी मोजते. पिनेची जाडी मोजायला पगार देतात हे कुणाला पटत नव्हतं.

पण त्याच कामाचा मला गर्व होता. आजही आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातला एक म्हणजे मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आमची पिन वीस मिलिमीटरची. वीसच्या वर एक मायक्रॉनही चालायचा नाही. खाली वीस मायक्रॉनपर्यंत चालायचं. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी जागेत सगळा खेळ. जाड राहिली तर पुन्हा घासता येते. बारीक झाली की भंगार. लोखंड परत चिकटवता येत नाही.

हे मला शिकवलं कुणी? तात्यांनीच.

तात्या आमचे सुपरवायझर. मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं काढून आलेला माणूस. मिश्या पांढऱ्या, हात काळे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात मायक्रोमीटर दिला. घोड्याच्या नालासारखा आकार, दोन टोकांच्या मध्ये पिन धरायची, मागचा स्क्रू फिरवला की एक टोक पुढं सरकतं. टोकांची तोंडं आरशासारखी गुळगुळीत. मी स्क्रू आवळला तर तात्या ओरडले, "नळ बंद करतीस काय? मागचं रॅचेट फिरव. टक टक टक, तीनदा वाजलं की सोड."

आणखी तीन गोष्टी सांगितल्या. मशिनीवरनं काढलेला गरम जॉब, म्हणजे घासलेला नग, मोजायचा नाही, तो फुगलेला असतो. मोजण्याआधी दोन्ही तोंडांत पांढरा कागद हलका धरून ओढायचा, म्हणजे बसलेली घाण निघते. आणि मग रिकामाच बंद करून झीरो बघायचा. रेघ शून्यावर आली तरच पुढं.

"झीरो न बघता माप घेणारा मानूस आंधळा," तात्या म्हणायचे. "मिलिटरीत आमाला सायेब पैलं ह्येच इचारायचा. झीरो देख्या? न्हाई म्हनलं की भाईर."

दोन वर्षांत मी इतकी तयार झाले की कुणाच्या हातातली पिन बोटांत फिरवून सांगायचे, चढ आहे का उतार. तात्या पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे, "आमच्या पोरीचं बोटच मायक्रोमीटर हाय." ते बोट त्यांना चालत होतं. वर्षभर चालत होतं. आधीच्या खंडेनवमीला मी सुट्टीवर गावी होते. ह्या खंडेनवमीला ते चाललं नाही.

म्हणून मी त्यांना राक्षस म्हणून लिहीत नाही. राक्षस असते तर सोपं झालं असतं.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी मुहूर्त. आमच्या शॉपची रीत अशी की दसऱ्यानंतरचा पहिला जॉब मालकांच्या घरच्यानं मोजायचा. मालकांचा भाचा नुकताच इंजिनिअरिंग करून आलेला, क्वालिटीचा इनचार्ज म्हणून बसवलेला. सगळे त्याला छोटे साहेब म्हणायचे. मी सर म्हणायचे. वयानं माझ्याएवढाच.

पाट अजून तसाच होता. पूजेपासून मुहूर्तापर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. मला तर नव्हताच. छोट्या साहेबांनी मायक्रोमीटर उचलला. तो पाण्यानं भिजला होता, मग त्यावर हळदकुंकवाची बोटं उठली होती, आणि दोन दिवस तसाच वाळला होता. नालाच्या आतल्या बाजूला, अगदी तोंडापर्यंत, लाल-पिवळा ओघळ आलेला मला चार हातांवरून दिसत होता.

मी म्हणाले, "सर, तोंडं पुसून घ्या. आत कुंकू गेलंय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "पूजेचं कुंकू पुसतेस?"

"आतलं तेवढंच, सर. बाहेरचं राहू द्या. कागद फिरवते फक्त."

"तू हात लावू नकोस." मग बाकीच्यांकडं बघून हसत, "हिला काय कळायचं त्यातलं? त्यांच्यात पूजा नसती."

दोघं-तिघं हसले. बाळूही हसला. बाळू म्हणजे ग्राइंडिंग मशिनीवरचा ऑपरेटर, कवठेमहांकाळकडचा, माझ्या डब्यातली भाकरी हक्कानं मोडून खाणारा. तोसुद्धा.

छोट्या साहेबांनी पहिली पिन मोजली. झीरो बघितला नाही. आकडा आला एकोणीस पॉइंट नव्व्याण्णव. मधोमध. झकास. टाळ्या. बाळूनं त्या मापावर मशीन लावली. आता पुढं निघणारी प्रत्येक पिन त्या पहिल्या पिनेसारखीच निघणार.

सगळे चहाला गेले तेव्हा मी मायक्रोमीटर उचलला आणि रिकामाच बंद केला. टक टक टक. रेघ शून्यावर नव्हती. दोन घरं पुढं होती. वीस मायक्रॉन. दोन तोंडांमध्ये काहीतरी बसलं होतं, वीस मायक्रॉन जाडीचं. म्हणजे आकडा नव्व्याण्णव दिसतोय तेव्हा पिन खरी सत्त्याण्णव आहे. दहा मायक्रॉन बारीक. भंगार.

मी धावत छोट्या साहेबांकडं गेले.

"सर, झीरो वीस मायक्रॉन पुढं आहे. माल बारीक निघतोय."

"परत तेच? तू मला मोजायला शिकवणार?"

"एकदा बघा तरी."

"मुहूर्ताचं माप हाय ते. त्यात खोट काढू नको. लिही नव्व्याण्णव."

मी तात्यांकडं बघितलं. चहाचा कप त्यांच्या हातात होता. त्यांनी ऐकलं होतं. झीरो न बघणाऱ्याला बाहेर काढणाऱ्या मिलिटरीतला माणूस. ते म्हणाले, "पोरी, आज सनासुदीचं वाद नको."

आता माझी चूक. ती मी लपवत नाही.

मी लिहिलं नव्व्याण्णव. दर दहावी पिन उचलून मोजत होते, खोटा आकडा रिपोर्टात भरत होते आणि खाली सही करत होते. दुसरा मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे बाहेर तपासून आणायला, गेलेला होता. हा पुसायची मनाई. मनातल्या मनात मी वीस वजा करत होते आणि कागदावर करत नव्हते. रिपोर्टाच्या डोक्यावर एक ओळ लिहिता आली असती. झीरो वीसनं पुढं, साहेबांना सांगितलं. एक ओळ! पेन हातात होतं. नाही लिहिली. का नाही? भीती? होती. पण निव्वळ भीती नव्हती. "त्यांच्यात पूजा नसती" ह्या वाक्यानंतर माझी जीभ उचलेना. मला वाटलं, आता काहीही बोलले तरी ते कुंकवाबद्दल धरतील, मापाबद्दल कुणी धरणार नाही. आणि आत खोल कुठंतरी मला वाटत होतं की जाऊ दे भंगारात. जाऊ दे सगळं. हेही लिहिते. त्या दिवशी मी मापाशी बेइमान झाले.

संध्याकाळपर्यंत अकराशे पिना निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुसरा मायक्रोमीटर परत आला, तो वापरात घेतला. पूजेतला पेटीत घालून छोट्या साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात गेला.

दहा-बारा दिवसांनी गिऱ्हाईकाकडून अकराशे पिना परत आल्या. सगळ्या बारीक.

मला केबिनमध्ये बोलावलं. मालक खुर्चीत, छोटे साहेब शेजारी उभे, तात्या दाराजवळ. टेबलावर माझा रिपोर्ट.

मालकांनी विचारलं, "सही कुणाची?"

"माझी."

"मग?"

मी सांगायला लागले. कुंकू, झीरो, मुहूर्त. मालकांनी हात वर केला. गप्प बस असा. मग एक टाइप केलेला कागद माझ्याकडं सरकवला. वर माझं नाव. खाली लिहिलेलं असं, की माझ्या निष्काळजीपणामुळे मायक्रोमीटर माझ्या हातून जमिनीवर पडला, ही गोष्ट मी वरिष्ठांपासून लपवली, त्यामुळे माल नाकारला गेला, मी चूक कबूल करते.

"सही कर. कामावर ऱ्हाशील. गिऱ्हाईकाला दाखवायला कागद पायजे, बाकी काय न्हाई," मालक म्हणाले. समजूत घातल्यासारखं. खरंच समजूतच घालत होते ते.

मी तो कागद तीनदा वाचला. माझ्या हातून पडला. माझ्या हातून! ज्या हातातून तो पाटावर ठेवून घेतला नाही. ज्या हाताला तो पुसू दिला नाही. पूजा करायची तेव्हा तो हात दूर, आणि पाडायचं तेव्हा तोच हात जवळ. माझं डोकं तापलं नाही. उलट एकदम थंड झालं. दोन वर्षांत इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

मी म्हणाले, "पेटी काढा."

"कसली?"

"पूजेतला मायक्रोमीटर. कपाटात आहे."

छोटे साहेब म्हणाले, "कशाला?"

तात्या पुढं झाले. कपाट उघडून पेटी टेबलावर ठेवली. तेवढं त्यांनी केलं, ते मी नोंदवते.

मायक्रोमीटर तसाच होता. कुणी पुसला नव्हता. पूजेचं कुंकू ना! मी तो उचलला. ह्या वेळी कुणी नको म्हणालं नाही. आधी रिकामाच बंद करून दाखवला, रेघ दोन घरं पुढं. मालकांचा कबुलीचा कागद घेतला, उलटा केला, कोऱ्या बाजूनं दोन्ही तोंडांच्या मध्ये धरला. रॅचेट फिरवलं. टक टक टक. आणि कागद हळूच ओढला.

कागदावर लाल रेघ उमटली. कडेला थोडी पिवळी.

मग मायक्रोमीटर पुन्हा रिकामा बंद करून मालकांसमोर धरला. रेघ एक घर मागं आली होती, शून्याला अजून एक घर बाकी. कागद पुन्हा ओढला. पुन्हा लाल. आता रेघ शून्यावर.

"हे वीस मायक्रॉन," मी म्हणाले. "पडला असता तर कागदानं झीरो परत आला नसता. हा पडलेला नाही. आधी ह्याच्यावर पाणी मारलं, मग कुंकू लावलं, मग पुसू दिला नाही. माल कुंकवानं गेलाय."

मला वाटलं होतं, आता ते बघतील. समोर आहे. डोळ्यांनी दिसतंय. लोखंडाच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस आहे, झीरो परत आलेला त्याला कळेल.

मालकांनी मायक्रोमीटरकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत होते.

"देवाच्या कुंकवानं माल रिजेक्ट झाला म्हनतीस?"

"मी मापाचं सांगतेय."

"माझ्या शॉपात, माझ्या पूजेला नावं ठेवतीस?"

छोटे साहेब म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं मामा? ह्यांचं पैल्यापासनं हेच असतंय."

ह्यांचं. मी एकटी उभी होते तिथं.

मी रिपोर्ट उचलला, माझी सही असलेला. म्हणाले, "ही सही माझी. खोटा आकडा लिहिला ती माझी चूक. सरांनी सांगितलं म्हणून लिहिला, पण हात माझा होता. ही चूक मी कुठंही कबूल करते, लिहून देते. त्या दुसऱ्या कागदावर सही करणार नाही. आज नाही, कधीच नाही."

"मग उद्यापास्नं येऊ नकोस," मालक म्हणाले.

बाहेर येऊन मी डबा उचलत होते. तात्या मागं आले. गेटजवळच्या कडुलिंबाखाली उभं राहून म्हणाले, "पोरी, मी मनात काय ठिवून शिंपडलं न्हाई बघ. रीत हाय ती. आमच्या बापानं केलं, आमी केलं."

मी विचारलं, "तात्या, बाळूनं चाक ठेवलं. क्लार्कनं स्टेपलर ठेवला. त्यावर का नाही शिंपडलं?"

तात्यांनी गेटची कडी उगाच लावून बघितली.

"आवं तात्या, झीरो बघायला तुम्हीच शिकवलं ना मला? मग आज बघा की. स्वतःचा."

ते वळून आत गेले. मला वाईट वाटलं का? वाटलं. म्हाताऱ्या माणसाला बोलले म्हणून वाटलं. आणि मग चीड आली की माझ्यावर पाणी शिंपडून त्यांना वाईट वाटलं नाही, आणि एक प्रश्न विचारून मला वाटतंय. हे कुणी शिकवलं मला?

गावी गेले. आईला सगळं सांगितलं. आई शिवण करते, वस्तीतल्या बायकांची पोलकी शिवते. मशिनीवर मान घालून ती ऐकत होती. मला वाटलं पाठ थोपटेल.

ती म्हणाली, "सही करून टाकायचीस की. कागदानं काय व्हतंय? नोकरी ऱ्हायली आस्ती."

मी चिडले. "खोटं होतं ते, आई."

"खोटं व्हतं तर व्हतं." ती पायानं मशीन थांबवून माझ्याकडं वळली. "आमी काय कमी गिळलं? मी बारा वर्साची हुते. पैलं पोलकं शिवायचं. गावातला टेलर वट्यावर, आमी मायलेकी खाली. टेप त्येच्या गळ्यात लोंबत हुता. काढला न्हाई. वरनंच नजरेनं बगितलं आन् म्हनला, झालं माप, जावा. पोलकं काखंत दाटलं. हात वर हुईना. तसंच वरीसभर घातलं."

"मग तू काय म्हणालीस त्याला?"

"काय म्हननार? शिवून दिलं ह्येच लय वाटलं."

"आणि आजीनं?"

"आय म्हनली, तुझंच आंग वाकडं आसंल."

ती पुन्हा मशीन चालवायला लागली. हातातल्या पोलक्याची काख तिनं चारदा टेप लावून मोजली. मी बघत होते. माझ्या आईच्या अंगाला बाराव्या वर्षी टेप लागला नाही. माप चुकलं टेलरचं, आणि वाकडं ठरलं तिचं अंग. माझ्या हाताला मायक्रोमीटर पुसू दिला नाही. माप चुकलं त्यांचं, आणि निष्काळजी ठरला माझा हात. मध्ये तीस-पस्तीस वर्षं गेली. हत्यार बदललं. टेपच्या जागी मायक्रोमीटर आला. बाकी काय बदललं सांगा मला.

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, ही मालकांची आणि माझी भानगड आहे. एका भाच्याच्या आडमुठेपणाची गोष्ट. आईच्या मशिनीसमोर बसून कळलं की ही गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही, आणि मी सही केली असती तर माझ्यापाशी संपणारही नव्हती.

सांगलीला परतले. मुली-बायांचा एक कामगार गट आहे, त्यांच्याबरोबर आता पत्रकं लिहिते, वाटते. कॅन्टीनबाहेर, बसस्टॉपवर, आयटीआयच्या गेटवर. लोक पत्रक घेतात आणि त्यात वडापाव गुंडाळतात. चालतं. वडापाव खाताना तरी वाचतील.

तक्रारीचा अर्ज दिला. सरकारी ऑफिसात साहेब समोर, पेन टोपण लावून टेबलावर.

"जातीवरून शिवी दिली?"

"नाही."

"जातीचं नाव घेतलं?"

"'त्यांच्यात पूजा नसती' म्हणाले."

"ते काय जातीचं नाव झालं का, ताई? अंगाला हात लावला?"

"हात न लावण्याबद्दलच तक्रार आहे, साहेब."

त्यांना हसू आलं. "मग नक्की केलं काय?"

"पाणी शिंपडलं."

"अहो, पूजेत पाणी शिंपडतातच की!"

मी समजावलं. एकोणीस वस्तू, अठरांवर नाही, एकीवर आधी. ते म्हणाले, साक्षीदार आणा. काही लिहून घेतलं नाही. पेनाचं टोपण तसंच.

साक्षीदार! बाळूला फोन केला. तो म्हणाला, "मला पोरंबाळं हायती गं. आन् खरं सांगू का, मी तवा बगितलंच न्हाई. कापूर पेटवत हुतो." तो खोटं बोलत नसेल. त्याला दिसलंच नसेल. ज्याच्यावर पडत नाही त्याला ते पाणी दिसत नाही. तात्या फोन उचलत नाहीत. क्लार्कनं नंबर ब्लॉक केला.

वीस मायक्रॉन दाखवायला माझ्याकडं हत्यार होतं. कागद ओढला, लाल रेघ आली, विषय संपला. तरी मानलं नाही. मग जे कुठल्याच हत्यारात येत नाही ते कुणाला कसं दाखवू? सांगायला लागलं की समोरचा म्हणतो, एवढंसंच ना. हो, एवढंसंच. वीस मायक्रॉन डोळ्याला दिसत नाहीत, पण अकराशे पिना भंगारात जातात. माणसाचं किती जात असेल?

गेल्या आठवड्यात चुलते आले. मालकांनी त्यांच्यामार्फत निरोप धाडला होता. अर्ज मागे घे, परत कामावर ये. इन्स्पेक्शनला नाही, पॅकिंगला. पगार तोच. अर्ज मागे घेण्याचा कागदही तयार करून पाठवला होता, फक्त सही करायची. चुलते म्हणाले, "पगार तोच देतोय मानूस. आनि काय पायजे तुला? पिना डब्यात भरायच्या. डोक्याला ताप न्हाई."

पिना डब्यात भरायच्या. मोजायच्या नाहीत. हत्यार हातात येऊ द्यायचं नाही, म्हणजे पुढच्या खंडेनवमीला प्रश्नच नको. किती सोपं!

मी चुलत्यांना चहा दिला आणि कागद सही न करता परत दिला. म्हणाले, "त्यांना सांगा, मी इन्स्पेक्टर आहे."

तेव्हापासून तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. एक मिरजेला, दोन साताऱ्याला. आधीची नोकरी का सुटली, सगळे विचारतात. गटातल्या बाया सांगतात, घरची अडचण होती म्हण. मी म्हणत नाही. जसं झालं तसं सांगते, खोट्या आकड्यावरच्या माझ्या सहीसकट. तिन्ही ठिकाणी म्हणाले, कळवतो. कळवलं नाही. चौथ्या ठिकाणी जाईन. तिथंही हेच सांगेन. मापाचं काम खोटं बोलून मागायचं नाही, एवढं ठरलं. ते काम माझं आहे आणि मी ते सोडलेलं नाही.

सोमवारी अकराला पुन्हा त्या सरकारी ऑफिसात बोलावलंय. साक्षीदार नाही. वकील नाही. आई येणार नाही म्हणाली. मी साडेदहाला जाऊन बसणार. ते म्हणतील, पुन्हा तेच सांगणार काय ताई. हो, पुन्हा तेच. शब्दाला शब्द. आणि ह्या वेळी त्यांनी पेनाचं टोपण काढून पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत लिहून घेतल्याशिवाय मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.